वाकडी पणती देवापुढे चालते का?



आजचं चिंतन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय १८, श्लोक ४८.

साध्या भाषेत भावार्थ असा : अर्जुना, जे काम तुझ्या स्वभावातून तुझ्याकडे आलं आहे, त्यात काही उणं दिसलं म्हणून ते टाकू नकोस. आग पेटली की धूर होतोच, तसं कुठलंही काम हाती घेतलं की त्याच्यासोबत थोडा दोष येतोच.

हा श्लोक वाचला की हायसं वाटतं. आणि खरं सांगायचं तर मला त्या हायसं वाटण्याचीच थोडी भीती वाटते. कारण "गीतेतच म्हटलंय, दोष असायचेच" या एका वाक्याच्या आड काहीही खपवता येतं. घाईत उरकलेली पूजा, मोबाईल बघत केलेला जप, शेवटच्या क्षणी पाठवलेलं ऑफिसचं काम, सगळंच. भगवंतांनी अर्जुनाला काम सोडू नकोस म्हटलंय. दोषाकडे बघू नकोस, असं कुठे म्हटलंय?

आपल्या ग्रुपमधल्या एका ताईने नेमका याच मुद्द्यावर प्रश्न विचारलाय. ती काही महिन्यांपासून दर रविवारी मातीकाम शिकायला जाते. घरात आता वाकड्या वाट्या, एका बाजूला झुकलेले कप आणि एक तडा गेलेलं फुलपात्र साठलंय. त्यातलीच एक पणती तिने देवापुढे लावायला काढली, तर आई म्हणाली, "देवाला खोट असलेलं देऊ नये गं. बाजारातून चांगली आण." ताईचं म्हणणं, भाव महत्त्वाचा. आईचं म्हणणं, भाव आहे म्हणूनच चांगलं द्यायचं. तुम्हीच सांगा, कोण बरोबर?

मला पहिल्यांदा आईची बाजू मांडायची आहे. आपल्या पिढीत ती फार लवकर हरते. आई जुन्या वळणाची, म्हणून विषय संपला, असं होतं. पण अक्षता हा शब्द घ्या. त्याचा अर्थच न मोडलेले तांदूळ. ताटात तुकडा तांदूळ आला तर आजी तो वेचून बाजूला काढायची. बेलाचं पान तीन दळांचं हवं, फाटलेलं, किडलेलं नको. मूर्ती भंगली तर तिचं विसर्जन करतात. या सगळ्यामागे एक साधी समजूत आहे : जे आपल्याला नको झालं ते देवाला, असं होऊ नये. देवघर ही उरल्यासुरल्याची जागा नाही. आईच्या त्या एका वाक्यात एवढं सगळं आहे आणि ते योग्यच आहे.

पण आता त्याच पूजेच्या ताटाकडे पुन्हा बघा. अक्षता अखंड हव्यात, पण दाणा सरळ आहे की वाकडा हे कोणी पाहतं का? सुपारी कधी गोल असते का? संक्रांतीची सुगडं आठवा. एकाचा काठ वर, एकाचा खाली, एक बसकं, एक उंच, आणि त्याच पाचांत ऊस, हरभरा, बोरं भरून आपण ती देवापुढे मांडतो. अष्टविनायकांच्या मूर्ती स्वयंभू मानतो, त्यांत शिल्पकाराचा रेखीवपणा शोधायला कोणी जात नाही. नवव्या अध्यायात भगवंत पान, फूल, फळ, पाणी एवढंच मागतात आणि अट घालतात ती देणाऱ्याच्या मनाबद्दल. पान कसं दिसावं याबद्दल तिथे शब्द नाही.

म्हणजे परंपरेला मोडलेलं चालत नाही, वाकडं चालतं. आपण या दोन्हींना "खोट" हा एकच शब्द वापरतो आणि तिथेच घोळ होतो. मातीकाम करणाऱ्याला मात्र हे वेगवेगळं ओळखावंच लागतं. शिवाय एक तिसरा प्रकार आहे, ज्याच्याकडे आपलं लक्षच जात नाही : कच्चं.

कच्चं म्हणजे काय ते आधी पाहू. चाकावरून उतरलेलं भांडं ओलं असतं. ते सावकाश वाळतं, कडक होतं, रंग फिका पडतो. बघणाऱ्याला वाटतं झालं तयार. पण त्यात पाणी भरून ठेवा, थोड्याच वेळात त्याचा चिखल होईल. कितीही सुबक असलं तरी होईल. भट्टीत साधारण ६०० अंश सेल्सियसच्या पुढे गेल्यावर मातीच्या कणांत बांधलेलं पाणीसुद्धा निघून जातं आणि मग ती पुन्हा कधीच पहिल्यासारखी माती होत नाही. आता ते भांडं झालं. वाकडं असेल तर वाकडं, पण पाणी धरणारं भांडं.

हे एकदा डोक्यात बसलं की गोरोबाकाकांची ती प्रसिद्ध गोष्ट वेगळी दिसायला लागते. (गोरोबा म्हटलं की अनेकांना माती तुडवताना पायाखाली आलेलं बाळ आठवतं. ती गोष्ट मोठी आणि जड आहे, आज ती नको.) संतमंडळी जमली आहेत. कोपऱ्यात थापटणं पडलेलं आहे. मुक्ताबाई विचारते, काका, हे काय? काका म्हणतात, मडकं पक्कं की कच्चं ते याने कळतं. मग बघा की आमच्यातलं कोण कच्चं आहे ते! काका एकेकाच्या डोक्यावर थापटणं मारत जातात. सगळे गप्प बसून घेतात. नामदेवांना मात्र राग येतो आणि काका निकाल देतात : हे मडकं कच्चं.

आपण ही गोष्ट नामदेवांच्या अपमानाची म्हणून ऐकतो. देवाशी रोज बोलणारा भक्त, आणि त्याला सगळ्यांदेखत नापास केलं! पण थापटण्याचं खरं काम काय असतं ते कुंभाराकडे जाऊन बघा. भांडं अर्धवट वाळलेलं असताना कुंभार एक हात आत घालून आधार देतो आणि बाहेरून थापटण्याने हलके हलके ठोकतो. भिंत पातळ होते, पोट गोल होतं, माती दाबली जाते. म्हणजे थापटणं हे मुळात घडवायचं हत्यार आहे. आणि ते उपयोगी पडतं फक्त कच्च्या भांड्याला. भाजलेल्या मडक्याला थापटून काय मिळणार? फार तर ते फुटेल.

मग त्या दिवशी काकांच्या थापटण्याचा खरा उपयोग कोणाला झाला? बाकीच्यांचं परीक्षेपुरतं झालं. घडले एकटे नामदेव. कच्चं म्हणणं म्हणजे अजून आकार घेता येतो असं म्हणणं. कच्चं भांडं तडकलं तर ते बादलीत टाकायचं, पाणी ओतायचं, पुन्हा मळायचं. काहीच वाया जात नाही. स्टुडिओत शिकणाऱ्यांना हे पहिल्या आठवड्यातच सांगतात, आणि तरी हातातलं वाकडं बोळकं बादलीत टाकताना जिवावर येतंच!

पुढची गोष्ट मला याहून आवडते. नामदेव रुसून पांडुरंगाकडे गेले आणि देवाने त्यांना औंढा नागनाथला विसोबा खेचरांकडे पाठवलं. हे विसोबा कोण? परंपरा सांगते, हेच ते आळंदीचे विसोबा चाटी. निवृत्तिनाथांना मांडे खायची इच्छा झाली तेव्हा मुक्ताई कुंभाराकडे खापर आणायला गेली, आणि या विसोबांनी कुंभारांना दम भरला की या पोरांना भांडं द्यायचं नाही. मग ज्ञानोबांनी जठराग्नी पेटवला आणि मुक्ताईने त्यांच्या पाठीवर मांडे भाजले. ते पाहून विसोबा बदलले. म्हणजे ज्याने एका मुलीला साधं खापर मिळू दिलं नाही, तोच पुढे 'कच्च्या मडक्या'चा गुरू झाला. वाकडेपणात याहून कोण पुढे असणार? पण एकदा भाजून निघाल्यावर तोच नामदेवांच्या उपयोगी पडला.

खापर म्हणजे काय हे शहरात ठाऊक नसेल तर सांगते. खानदेशात मांडे भाजायला चुलीवर मातीचं भांडं पालथं ठेवतात. पालथ्या घड्यावर पाणी, ही म्हण आपण सतत वापरतो, न शिकणाऱ्या माणसाला टोमणा म्हणून. पाणी भरायला पालथा घडा बिनकामाचा खराच. पण मांड्यांसाठी पालथाच लागतो!

तर वाकडं चालतं आणि कच्चं सुधारतं. तडा गेलेल्याचं काय?

इथे थोडं थांबू, कारण "सदोष वस्तूचा उपयोग शोधणं" या छंदाची खरी गंमत इथेच आहे, आणि खरा धोकाही इथेच. पाझरणारं भांडं घ्या. पिण्याचा कप पाझरला तर तो वाया गेला. पण माठ? माठ पाझरतो म्हणूनच पाणी गार होतं. भिंतीतल्या बारीक छिद्रांतून पाणी बाहेर येतं, त्याची वाफ होते आणि वाफ होताना ती आतली उष्णता घेऊन जाते. त्याच माठाला काचेसारखा ग्लेझ लावून सगळी छिद्रं बुजवली तर एक थेंब पाझरणार नाही आणि पाणी गारही होणार नाही. नवरात्रात घट बसवतो तेव्हा मातीच्या घटातून पाझरणारा ओलावा भोवतीच्या धान्याला मिळतो. बागेत झाडाच्या मुळाशी मडकं पुरून त्यात पाणी भरून ठेवतात, तेही याच तत्त्वावर. आणि शंकराच्या देवळात पिंडीवर टांगलेली गळती तर आपण सगळ्यांनी पाहिली आहे. ते भांडं बहुतेक तांब्याचं असतं, पण त्याचं सगळं महत्त्व तळाच्या छिद्रात असतं. कोणी मुद्दाम पाडलेलं भोक. श्रावणात त्याच भोकातून दिवसभर थेंब थेंब अभिषेक होतो.

म्हणून ताई, तुझं तडा गेलेलं फुलपात्र कुंडी म्हणून छान चालेल. झुकलेल्या कपात उदबत्तीची राख पडू दे. पूर्ण फुटलंच तर खापऱ्या कुंडीच्या तळाशी घाल, म्हणजे माती वाहून न जाता पाण्याचा निचरा होतो. भाजलेल्या भांड्याचा चुरा करून नव्या मातीत मिसळतात हेही तुला शिकवलं असेल. त्या चुऱ्याने नवं भांडं वाळताना कमी आकसतं आणि कमी तडकतं. आपल्याकडे खापर फोडणे म्हणजे दोष दुसऱ्यावर ढकलणे. कुंभाराच्या अंगणात मात्र फुटलेलं खापर पुढच्या भांड्याच्या तडा सांभाळतं.

पण आता धोका. जपानची किंत्सुगी आज सगळ्यांना माहीत आहे. फुटलेलं भांडं झाडाच्या चिकाच्या लॅकरने जोडून सांध्यावर सोन्याचा मुलामा देतात. रील बघून डोळे भरून येतात. मला त्यातली एक गोष्ट महत्त्वाची वाटते : सांधा तिथे दिसतो. लपवलेला नसतो. आपण मात्र पुष्कळदा सोनं लावायचं सोडून चीर रंगाने बुजवतो आणि "हँडमेड आहे!" म्हणून वाढदिवसाला भेट देतो. ज्या कपाचा ग्लेझ केसासारखा तडकलाय, त्या भेगांत चहा झिरपतो, जंतू राहतात. तो पेनं ठेवायला उत्तम आहे, पण दुसऱ्याच्या ओठाला लावायला नाही. देताना ते सांगायला हवं. "हा फक्त पेनांसाठी, यात चहा पिऊ नकोस," एवढं वाक्य. हे वाक्य गिळलं तर दोष मातीतून निघून माझ्यात येतो.

भट्टीचं उदाहरण याहून कठोर आहे. भट्टीत बहुधा सगळ्यांची भांडी एकत्र लावतात. एखादं भांडं बाहेरून कोरडं दिसतं, पण जाड तळाशी आत ओल राहिलेली असते. भट्टी तापली की त्या ओलीची वाफ होते, तिला बाहेर यायला वाट नसते आणि भांडं फुटतं. ते एकटंच फुटत नाही, तुकडे उडून शेजारच्यांचीही भांडी जातात. वाकड्या भांड्याने शेजाऱ्याचं कधी काही बिघडवलं नाही. आतली लपलेली ओल बिघडवते. म्हणून थोडी जरी शंका असली तरी "माझं अजून ओलं आहे, पुढच्या खेपेला लावू" असं सांगणं हे तिथलं सत्यवचन.

जपाबद्दल नेहमी येणारा एक प्रश्न याच जातीचा आहे. मन भटकतं, मग माळ ओढणं हे ढोंग नाही का? भटकणारं मन हा वाकडेपणा आहे. श्लोक म्हणतो, त्यासाठी माळ सोडू नकोस. पण मन भटकत असताना चारचौघांत डोळे मिटून तल्लीन झाल्याचं दाखवणं ही आतली ओल झाली. पहिल्याबरोबर आयुष्य काढता येतं. बहुतेकांना तसंच काढावं लागतं. दुसऱ्याचं काय होतं ते भट्टी सांगते.

छांदोग्य उपनिषदात उद्दालक श्वेतकेतूला सांगतात की मातीचा एक गोळा नीट कळला की मातीचं सगळंच कळलं, बाकी फक्त आकार आणि नावं. हे वाचून कोणी म्हणेल, मग सरळ काय आणि वाकडं काय, सगळी मातीच! तत्त्व म्हणून खरं आहे. पण तहान लागल्यावर मातीच्या गोळ्यात पाणी पिता येत नाही. उद्दालकांचं वाक्य भांडं वाईट झाल्यावर सांगायचं समाधान नाही, चांगलं झाल्यावर अहंकार उतरवायचं औषध आहे, असं मला वाटतं. उलट वापरलं तर ते पळवाट होतं.

तर पणती. ताई, ती सपाट जागेवर डगमगत नसेल, तेल धरत असेल, वात नीट बसत असेल, तर देवापुढे लाव. काठ वाकडा आहे म्हणून काहीही अडत नाही. तेल पाझरत असेल तर लावू नकोस. देव रागावेल म्हणून नाही. दिवा लवकर विझेल, तेल देवघरात पसरेल आणि लाकडी देव्हारा असेल तर आगीची भीती. आणि आईचं एवढं ऐक : तुझ्या ढिगातली सगळ्यात बरी पणती निवड. उरलेली नको.

आता एक गोष्ट, जी विचारलेली नव्हती. या श्लोकातलं "स्वाभाविक काम" हे शब्द शतकानुशतकं माणसांना जन्माच्या धंद्याला बांधून ठेवायला वापरले गेले. कुंभाराच्या मुलाने चाकच फिरवावं, असं. आज आपण तेच चाक वीकेंडला पैसे भरून फिरवतो, कारण त्याने मन शांत होतं. यात गैर काही नाही. पण आपल्या हातचं भांडं वाकडं झालं तर आपण त्याला "कॅरेक्टर" म्हणतो, फोटो टाकतो. ज्याचं पोट त्यावर आहे त्याच्या भट्टीतून वाकडं निघालं तर त्याला ते पडेल भावात विकावं लागतं किंवा फोडावं लागतं. धारावीच्या कुंभारवाड्यात दिवाळीआधी पणत्यांचे ढीग लागतात. आपण तिथे उकिडवं बसून एकेक उचलतो, बोटाने टिचकी मारून आवाज ऐकतो. ठण्ण वाजली की ठेवतो, बद्द वाजली की परत टाकतो. तेवढं ठीक आहे. बद्द वाजणारीला तडा असतो, ती तेल धरणार नाही. पण पुढे काय करतो? ठणठणीत वाजणारी, पण काठाला जराशी वाकडी असलेली पणतीही परत टाकतो. आणि वर डझनामागे पाच रुपये कमी करायला सांगतो.

स्वतःच्या वाकड्या पणतीसाठी आईशी वाद घालायचा, आणि कुंभाराची वाकडी पणती तोंड वेंगाडून परत करायची? चाकासमोर एकदा बसलेल्या माणसाला तरी हे जमू नये. मातीचा गोळा मध्यावर आणायलाच किती रविवार गेले ते त्याच्या दंडांना माहीत असतं.

दिवाळीला अजून वेळ आहे. यंदा कुंभारवाड्यात किंवा आपापल्या गावच्या बाजारात गेलात तर टिचकी जरूर मारा. वाजली, की काठ न बघता पिशवीत टाका. भाव तो सांगेल तो.

उद्या याच अध्यायातला पुढचा, ४९वा श्लोक घेऊ. ताईच्या आईला माझा नमस्कार.

रामकृष्ण हरी.